बर्फाच्या गाडीला एसी

अख्ख्या बाजारात त्यांना बर्फमावशी म्हणत, आणि त्यात त्यांना स्वतःला काही वावगं वाटत नसे, कारण सव्वीस वर्षं त्यांनी बर्फच वाहिला होता. पहाटे कारखान्यातून बारा लाद्या गाडीत भरायच्या, वरून लाकडाचा भुसा आणि गोणपाट टाकायचं, आणि दुपारपर्यंत मासळी बाजार, इस्पितळ, सरबताची दुकानं असा फेरा पुरा करायचा. गाडी नवऱ्याची, धंदा नवऱ्याचा, चालवणार मात्र मावशी. याचं कारण सोपं होतं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात नवऱ्याने गाडी मागे घेताना सोडावाल्याच्या पायऱ्या पाडल्या. त्या दुरुस्त झाल्यावर आठवड्याभरात पुन्हा पाडल्या. तिसऱ्या खेपेला गाडी मागे येताना दिसली तेव्हा सोडावाला स्वतःच पायऱ्यांवर फतकल मारून बसला, की आता मला चिरडूनच पुढे जा. तेव्हा मावशी नवऱ्याला म्हणाल्या, तुम्ही जरा उतरा, मी बघते. त्या 'जरा'ची सव्वीस वर्षं झाली. नवरा शेजारी बसून त्यांना रस्ता सांगायचा, जो त्यांना पाठच असायचा, आणि लाद्या उतरवायचा. दोघांचं झकास जमलं.

एक गोष्ट मात्र मावशींच्या मनात सलत राहिली. गाडीच्या मागच्या फळ्यांआड बर्फ, आणि पुढे पायांपाशी पत्र्याच्या एका पडद्यापलीकडे धडधडणारं इंजिन. भर उन्हात केबिनमध्ये बसलं की पाठीला गारठ्याची शिरशिरी यायची आणि पाय भट्टीत घातल्यासारखे व्हायचे. इतक्या वर्षांत उजव्या नडगीचा रंग डाव्या नडगीपेक्षा दोन छटा गडद झाला होता. आणि प्रत्येक थांब्यावर, अगदी प्रत्येक, कुणी ना कुणी घाम पुसत म्हणायचंच, की तुमचं बरं आहे बाई, बर्फाच्या गाडीत बसता. मावशी हसून लादी मोजून द्यायच्या. आतल्या आत मात्र त्या माणसाला उचलून केबिनमध्ये बसवायच्या आणि वरून काचा लावून घ्यायच्या.

मग घरोघर फ्रिज आले, कारखाना बंद पडला, नवराही गेला. गाडी घरामागच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली अकरा वर्षं उभी राहिली. एका मांजरीने तिच्यात तीन बाळंतपणं उरकली. मावशींनी भंगारवाल्याला चार वेळा परत पाठवलं, आणि का पाठवलं हे स्वतःलाही कधी विचारलं नाही.

आता जावयाविषयी सांगायला हवं. जावई जुन्या गाड्या दुरुस्त करायचा. नव्यासारख्या करून देता का, असं कुणी विचारलं तर त्याचा चेहरा पडायचा. नव्यासारख्या नव्हे, तो म्हणायचा, होत्या तशा. कारखान्यातून निघाल्या त्या दिवशी जशा होत्या, तशा. आडव्या खाचेचा स्क्रू आणि फुलीच्या खाचेचा स्क्रू यांत त्याला पाप-पुण्याइतकं अंतर दिसायचं. एका हॉर्नसाठी तो आठ महिने भंगारबाजार पालथा घालत होता, आणि तो हॉर्न मिळाला त्या दिवशी त्याने घरी येऊन बायकोच्या आधी हॉर्नला पुसलं. बाजारात त्याला 'अस्सल' म्हणायचे. त्यालाही हे नाव अभिमानाचंच वाटे.

तर एका सकाळी हा अस्सल माणूस सासूबाईंसमोर खुर्चीच्या कडेवर बसला आणि चष्मा पुसत म्हणाला, की ती गाडी मला द्याल का. विकायला नव्हे. तसलं मॉडेल आता फार उरलेलं नाही, लाकडी पेटीसकट तर नाहीच. वर्षभरात उभी करतो. मोठ्या शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे नेऊ. तुमच्याच नावाने.

मावशींनी चहाचा घोट घेतला. जावई हा दहावा ग्रह, हे त्या जाणून होत्या. त्याच्याशी बोलताना आवाज नेहमी एक पट्टी खाली असायचा. त्या म्हणाल्या, की न्या की गाडी. दोनच अटी आहेत. प्रदर्शनाला गाडी मी चालवणार.

"अर्थात, आई," जावई म्हणाला. "तुमच्याशिवाय कोण चालवणार? आणि दुसरी?"

"तिला एसी लावा."

जावयाने चष्मा डोळ्यांवर चढवला, काढला, आणि पुन्हा पुसायला घेतला. काचा चकाकत होत्या. आत स्वयंपाकघरात लेक भांडी विसळत होती, तो आवाज थांबला.

मग जावयाने अगदी शांतपणे समजावून सांगितलं. त्या काळात ट्रकला एसी नव्हता. एसी लावला तर गाडी अस्सल राहणार नाही. परीक्षक गुण कापतात. शिवाय ते इंजिन मुळातच अशक्त, त्याच्यावर कॉम्प्रेसर बसवणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर भरला हंडा ठेवण्यासारखं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. तुमचं म्हणणं बरोबर आहे जावईबापू, असं मान डोलवत तीन वेळा म्हणाल्या. आणि शेवटी म्हणाल्या, की मग राहू दे गाडी ताडपत्रीखाली, मांजरीची सोय होते.

पुढचे पंधरा दिवस दोन्ही बाजूंनी इतकं आदराने बोलणं झालं की लेकीच्या नाकी नऊ आले. जावई फोनवर सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी करायचा आणि जाता जाता एसीमुळे सांधे धरतात हे सांगायचा. मावशी जावयाच्या कामाचं कौतुक करायच्या आणि जाता जाता मांजरीला परत दिवस गेल्याचं सांगायच्या. शेवटी लेक म्हणाली, तुम्ही दोघं एकदा कडाकडा भांडून घ्या, हे गोड बोलणं मला सोसत नाही. त्या रविवारी जावयाने हत्यार टाकलं. लावतो म्हणाला, पण माझीही एक अट. तो दिसता कामा नये.

एसी बसवायला त्याने जो कारागीर आणला, तो दुकानांतले मोठे फ्रिज आणि गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. या माणसाला बारा महिने सर्दी असायची आणि भर उन्हातही त्याच्या गळ्यात मफलर असायचा. मावशींना तो पाहताक्षणी आवडला. ज्याला त्याच्याच धंद्याने गारठवलंय तो माणूस कामात कच्चा नसणार, असा त्यांचा हिशोब. त्या रोज दुपारी जावयाच्या वर्कशॉपमध्ये येऊन एका उलट्या डब्यावर बसू लागल्या. मदत म्हणून नाही. नुसत्या बसायच्या. पण सासू डब्यावर बसली असताना काम करणं काय असतं, ते त्या दोघांनाच विचारावं.

कामाने खरोखरच दोघांचा पिट्ट्या पाडला. कॉम्प्रेसर इंजिनला धरून ठेवणारी कंस-पट्टी दोनदा मोडली, तिसऱ्यांदा जावयाने जाड लोखंडाची घडवली. पट्टा जरा तिरका बसला की असा किंचाळायचा, की शेजारचा शिंपी दार लावून घ्यायचा. वीज देणारा जुना डायनॅमो एसीच्या पंख्याला पुरेना, म्हणून नवा अल्टरनेटर आणला. पण तो दिसला तर अस्सलच्या नावाला बट्टा, तेव्हा जावयाने डायनॅमोचा जुना डबा आतून पोखरला आणि नवं यंत्र त्यात दडवलं. चार दिवस गेले. त्या कामावर मात्र तो मनापासून खूश झाला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारू लागला, की सांगा, यात नवं काय आहे. कुणाला सांगता आलं नाही की त्याची छाती फुगायची. हवा यायच्या फटी त्याने डॅशबोर्डखालच्या कप्प्यामागे लपवल्या. बटण वायपरच्या बटणासारखं हुबेहूब घडवलं. मावशींच्या लक्षात आलं, की जावईबापूंना या चोरीची गोडी लागली आहे. त्या काही बोलल्या नाहीत. चालत्या गाडीला कोण धक्का देतो.

मग इंजिन तापू लागलं. रेडिएटरच्या पुढे एसीची जाळी आली, त्याला वारा मिळेना. एसी चालू केला की आतून 'टक' असा आवाज यायचा आणि उभ्या जागी इंजिन मान टाकायचं. विजेचा जादा पंखा बसवला, रेडिएटर खोलून धुतला, उभ्या गाडीत इंजिनाचा वेग थोडा वाढवून ठेवला. तेव्हा कुठे म्हातारी इंजिनबाई हंडा घेऊन उभी राहायला लागली.

आणि पहिल्या चाचणीचा दिवस आला. भर दुपार. मावशी स्टिअरिंगपाशी, शेजारी मफलरवाला, त्याच्या हातात थर्मामीटर. जावई बाहेर, नुसत्याच येरझारा. बटण ओढलं. टक. फटींतून गार वारा आला, खरोखरचा गार. मावशींनी त्याच्यासमोर हात धरला आणि तिथेच ठेवला. मफलरवाल्याने मफलरचा आणखी एक वेढा घेतला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. हात गार पडला होता, पण बाकीच्या मावशी होत्या तितक्याच तापलेल्या. कपाळावरून घाम गळत होता. थर्मामीटरचा पारा बाहेरच्या पाऱ्याशी गप्पा मारत बसला होता.

मग दोघा कारागिरांची जुंपली. मफलरवाल्याचं म्हणणं, की कॉम्प्रेसर याहून मोठा हवा, वर गॅसही थोडा जास्त. जावयाचं म्हणणं, की मोठा बसवला तर इंजिन मरेल. मफलरवाला म्हणाला, मग इंजिन बदला. हे ऐकून जावयाने हातातला पाना खाली ठेवला, असा हळू ठेवला की मफलरवाला दोन पावलं मागे सरला.

मावशी केबिनमधून उतरल्या. घाम पुसला. गाडीभोवती एक चक्कर मारली, दरवाज्याच्या खालच्या फटीशी हात धरला, मग पायाखालच्या फळ्यांशी. मग म्हणाल्या, की वर्कशॉपचं शटर खाली ओढा आणि केबिनमध्ये एक मोठा बल्ब लावा. दोघांना काही कळलं नाही, पण सासूबाईंपुढे प्रश्न कोण विचारणार. शटर खाली आलं. अंधार झाला. बल्ब लागला, आणि तिघं बाहेर उभं राहून गाडीकडे बघत राहिली.

गाडी चाळणीसारखी दिसत होती. दारांच्या खालून उजेड, पेडलांच्या भोकांतून उजेड, गिअरच्या दांड्याभोवती, स्टिअरिंगच्या खांबाभोवती, मागच्या छोट्या खिडकीच्या चारही बाजूंनी. आणि पायाखालच्या लाकडी फळ्यांच्या सांध्यांतून तर जमिनीवर उजेडाच्या सरळ रेघा पडल्या होत्या, वहीच्या पानासारख्या.

"एवढी भोकं," मफलरवाला म्हणाला.

"उजेड बाहेर येतो तिथून गारवा बाहेर जातो," मावशी म्हणाल्या. "जावईबापू, मी बारा लाद्या घेऊन निघायची आणि दुपारपर्यंत पुऱ्या बारा लाद्याच पोचवायची, कधी एखादी कोपऱ्याला झिजली तर. माझ्याकडे कुठला कॉम्प्रेसर होता? गार करणं कारखान्याचं काम. गार राखणं आमचं."

जावई फळ्यांकडे बघत होता. त्या फळ्या त्याने महिनाभर घासून, तेल पाजून, एकेक स्क्रू आडव्या खाचेचा लावून बसवल्या होत्या. आता त्या सगळ्या उचलाव्या लागणार, हे त्याला कळलं होतं; मावशींनाही कळलं होतं. जावयाने केलेलं काम सासूने उखडायला लावायचं, हे काही बरं नाही. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, की राहू द्या, मला हाताला गार लागलं, तेवढं पुष्कळ झालं.

"नाही आई," तो म्हणाला. "भुसा किती जाडीचा घालायचात तुम्ही?"

मावशींनी दोन बोटं दाखवली.

भुसा काही घातला नाही. फळ्यांखाली जाड लोकरी नमदा अंथरला, इंजिनच्या पडद्याला आतून दोन थर दिले, दारांना रबर, पेडलांना चामड्याच्या झडपा. पण कुठे दाबायचं आणि कुठे श्वासापुरती फट ठेवायची, हे मावशी डब्यावरून सांगत होत्या, आणि जावई हू की चू न करता करत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा सोडला आणि झडपा शिवायला स्वतःच मोठी सुई हातात घेतली. आठ दिवसांनी परत शटर ओढलं. बल्ब लागला, आणि गाडी काळीकुट्ट. नुसत्या काचा तेवढ्या उजळलेल्या. त्या दुपारी मावशींनी बाजारातून दोन फेऱ्या मारल्या. काचा वर चढवल्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत त्यांना मासळी बाजाराचा वास आला नाही.

प्रदर्शनाला तिघं गेली, मावशी, लेक आणि जावई. मैदानावर गाड्यांच्या रांगा, गाड्यांशेजारी मालक, आणि सगळ्या मालकांच्या हातांत फडकी. परीक्षक एक उंच, सडपातळ म्हातारा होता. हात पाठीमागे बांधून चालायचा आणि गाडीला हात न लावता नुसत्या नजरेने तिचे कपडे उतरवायचा. बर्फाच्या गाडीपाशी तो पाऊण तास थांबला. लाकडी पेटी पाहिली, हॉर्न ऐकला, बॉनेट उघडून डायनॅमोकडे पाहिलं आणि मान डोलावली. जावयाने श्वास रोखून धरला होता. लेकीने मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते.

सगळं संपलं आणि म्हातारा वही मिटणार, इतक्यात तो खाली वाकला. केबिनखाली मातीत एक ओला ठिपका होता, आणि नळीच्या टोकावरून थेंब थेंब पडत होता. मैदानापर्यंत मावशी एसी लावून आल्या होत्या.

रेडिएटर गळतो का, त्याने विचारलं. जावई म्हणाला, की, म्हणजे, तसं नाही, ते जरा. अस्सल माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती. लेक आभाळाकडे बघू लागली.

"रेडिएटर ठणठणीत आहे," मावशी म्हणाल्या. "हा एसी आहे. आत बसून बघता का?"

म्हाताऱ्याने एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. मग वही काखेत मारून तो केबिनमध्ये चढला. मावशींनी गाडी चालू केली, बटण ओढलं, काचा वर केल्या. बाहेर जावई उन्हात उभा. आत काय बोलणं चाललंय ते ऐकू येत नव्हतं, पण मावशींचे हात हलताना दिसत होते, मधेच त्यांनी आपल्या उजव्या नडगीकडे बोट दाखवलेलं दिसलं. वीस मिनिटांनी म्हातारा उतरला. त्याला उतरायचं नव्हतं हे उघड होतं. हवेच्या फटी कुठे आहेत ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही, असं त्याने जावयाला सांगितलं, आणि मग तितक्याच प्रांजळपणे सांगितलं, की अस्सल गाड्यांच्या वर्गातून तुमचं नाव काढावं लागेल, नियम तो नियम. 'फेरफार केलेल्या ट्रक' असा एक वर्ग आहे, त्यात घालतो.

त्या वर्गात यंदा एकच ट्रक होता. तेव्हा पहिला क्रमांक यांचाच आला. जावयाच्या हातात चषक देताना लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि 'फेरफार' हा शब्द माइकवरून तीन वेळा उच्चारला गेला. प्रत्येक वेळी जावई डोळे मिटून घेत होता.

परतीचा रस्ता अडीच तासांचा. बाहेर डांबर वितळत होतं. मावशी स्टिअरिंगपाशी, मधे लेक, खिडकीशी जावई, मांडीवर चषक. पहिला तासभर तो खिडकीबाहेरच बघत होता. मावशींना वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी नडगीला इतकं छान गार लागत होतं की धड वाईटही वाटेना. शेवटी त्याच म्हणाल्या, की माझ्यापायी तुमचं बक्षीस गेलं जावईबापू. खोटं बोलायला हवं होतं मी.

"छे हो," तो म्हणाला. "त्याला फटी सापडल्या नाहीत, आई."

"नाहीच सापडल्या. गुडघ्यांवर बसून शोधत होता."

"गुडघ्यांवर?"

मावशींनी म्हाताऱ्याने कप्प्याखाली मान कशी घातली होती, आणि टोपी कशी पडली, ते सगळं साग्रसंगीत सांगितलं. लेक हसत सुटली. जावयाने दोनदा तेच परत सांगायला लावलं. मग तो आडवा होत होत झोपला, आणि अर्ध्या तासाने अंग आकसून जागा झाला. एसी जरा कमी करता का, त्याने विचारलं, थंडी वाजतेय.

मावशींनी बटण एक खाच मागे ढकललं. त्यांना स्वतःला मुळीच थंडी वाजत नव्हती, पण जावयाचं मन मोडायचं नाही.

आता गाडी वर्कशॉपमध्येच असते. दर शुक्रवारी मावशी ती काढतात आणि जुन्या फेऱ्यावरून एक चक्कर मारतात, काही न विकता. थांबे मात्र घेतात. सोडावाल्याचा मुलगा आता दुकान बघतो. उन्हाने तो त्रासलेला दिसला की त्या त्याला केबिनमध्ये बोलावतात, काचा लावतात, आणि दहा मिनिटं बसवून ठेवतात. 'तुमचं बरं आहे बाई' म्हणणाऱ्यांपैकी कुणाकुणाला बसवायचं याची त्यांच्या मनात एक यादी आहे. निम्मी माणसं आता राहिली नाहीत, म्हणून त्यांच्या मुलांवर भागवतात.